कडता

सांगलीच्या मार्केट यार्डात मी मापाडी.
बत्तीस वर्षं हळद तोलली,
राजापुरी, अंगठा, गट्टा, कणी.
बारदानाचा, मातीचा, ओलीचा
आणि खरं सांगायचं तर कशाचाच नाही असाही
थोडा कडता कापायचा.
समोरच्यानं मान हलवून म्हणायचं, बरं.

त्यामुळं देव म्हटलं की मला आधी काटाच दिसायचा.
एका पारड्यात मी.
दुसऱ्यात माझे रविवार,
किती प्रार्थनेला गेलो, किती झोपून काढले,
देवळाच्या पत्र्यांसाठी दिलेली वर्गणी,
आणि अशेरला, धाकट्या भावाला,
भर रात्री दारातून हाकललं, ते.

ते मी हरिपूरच्या पेवात हळद ठेवतात
तसं ठेवलं होतं.
खोल, अंधारात, वर गवत, वर माती.
पेवातली हळद वर्षानुवर्षं किडत नाही.

आई मिरजेच्या मिशन दवाखान्यात आया होती.
तिला एकदा विचारलं, तारण व्हायला किती लागतं गं?
ती बेडपॅन धूत होती. मागं न बघता म्हणाली,
फुकट हाय रं,
म्हणून तर तुला जड जातंय.

मग परवाचा रविवार. प्रभुभोजन.

सगुणा वाघमारे हळद पॉलिशच्या कारखान्यात चाळण मारते.
देवळात यायला लागून वर्ष झालं नसेल,
बाप्तिस्मा आत्ताचा, मागच्या महिन्यातला.
तिच्या हातांना चिंच, रॉकेल, काही लागू पडत नाही.
साबण लावला की पिवळं लाल होतं,
वाळलं की पुन्हा पिवळं.
ती सगळ्यांच्या शेवटी पुढं आली,
हात पदरात गुंडाळून,
लग्नघरात बिनआमंत्रणाचं आल्यासारखी.

आवळे पाळक, सत्तरीचे, एका डोळ्यात मोतीबिंदू,
तुकडा धरून थांबले.
साहेब, ती म्हणाली, हात पिवळं हाईत.
सकाळधरनं घासलं.

पाळक उपासनेत शुद्ध बोलतात.
त्या वेळी त्यांची कवठ्याची बोली बाहेर आली.
हात हाईत न्हवं?
मग फुडं कर.

एवढंच.
मी वाट बघत होतो, अजून काही असेल,
एखादा प्रश्न, एखादी सही,
पुढच्या वेळेपासून अशी एखादी अट.
नव्हतं.

तुकडा तिच्या तळव्यावर टेकला.
मी नीट बघितलं, मापाड्याची नजर आहे,
हात काही पांढरा झाला नाही.
भाकर पिवळी झाली.
आधी कडेनं, मग घामानं आतपर्यंत.
तशीच ती तिनं खाल्ली,
डोळे मिटून, सावकाश,
आजारातून उठलेलं माणूस पहिली पेज पितं तशी.

माझा नंबर आधीच होऊन गेला होता.
माझे हात स्वच्छ होते.
माझा तुकडा कधीच विरघळला होता
आणि मला त्याची चव आठवेना.

घरी येऊन अशेरला फोन लावला.
नंबर अस्तित्वात नाही, बाई म्हणाली.
हडपसरला त्याचा मेहुणा असतो,
त्याच्याकडून मिळेल. बघतो.

सोमवारी सौदे निघाले.
पहिलं पोतं यायच्या आधी काटा रिकामा होता,
शून्यावर.
मी जरा जास्तच वेळ बघत राहिलो.
बत्तीस वर्षं त्या शून्याला मी
काम सुरू होण्याआधीची जागा समजत होतो.

हमालानं पोतं टाकलं. मापाडी, कडता किती धरू?
राहू दे, म्हटलं.
तो माझ्या तोंडाकडं बघतच राहिला.
बरं नाही का? म्हणाला. काय झालं?

त्याला काय सांगणार.
सांगण्यासारखं मोठं काही नाहीच,
तीच तर अडचण आहे.